कोपरात साठलेलं

८ फेब्रुवारी, रविवार

आप्पांच्या उजव्या कोपरावरची गाठ वाढली आहे. दिवाळीत सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी. सदऱ्याची बाही वर सरकत नव्हती म्हणून दिसली. नाहीतर ते दाखवत नाहीत.

"दुखतंय का?"

"दुखाया काय झालं. टेकतो ना त्याच्यावर."

ते खरं. पोथी वाचताना याच कोपरावर टेकतात. मी शाळेत होते तेव्हापासून तसेच बसलेले पाहते आहे.

दिलीपचा फोन. चाकणहून, दर रविवारी. त्याला सांगितलं. गाठ म्हणजे तपासून घ्यायला हवी म्हणाला. मग म्हणाला, तूच बघ ताई, तू तिथं आहेस.

मी इथं आहे. सासरहून परत आले त्याला एकोणीस वर्षं झाली. बारावीची परीक्षा तोंडावर. सुपरव्हिजन, मग पेपर तपासणी. सुट्टी मागावी लागेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेज सुटल्यावर आप्पांना स्कूटीवर बसवून श्रीगोंद्यात डॉक्टरांकडे. त्यांनी दाबून पाहिलं. आप्पांनी हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाले, आत पू झालाय. पाच दिवस गोळ्या, नाही बसलं तर छेद देऊ.

परत येताना आप्पा मागून म्हणाले, "सप्त्याच्या आदी बरं झालं पायजे."

सप्ताह चैत्रात. रामनवमीनंतर बसतो, हनुमान जयंतीला काला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. पहिला पहारा आप्पांचा. तीस वर्षांत चुकलेला नाही. आई गेली त्या वर्षीही उभे होते.

"दीड महिना आहे अजून," मी म्हणाले.

"दीड महिना म्हंजे काय."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एकादशी. आप्पांची निर्जळी. दशमीला दिवस मावळला की तोंड बंद, ते द्वादशीला सूर्य दिसल्यावर उघडणार. मधे पाण्याचा थेंब नाही. त्यामुळे गोळ्याही नाहीत.

"डॉक्टरांनी खंड पाडू नका सांगितलंय."

"येका दिसानं काय हुतंय."

१४ फेब्रुवारी, शनिवार

कोपर लाल. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. बोटं सुजली. पारण्याचा घास डाव्या हाताने खाल्ला. डाव्या हाताने खाताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी छेद देण्याआधी सुई घालून पाहिली. पू नाही. पांढरं. घट्ट, टूथपेस्टसारखं. सुई अडकली. ते काही वेळ सुईकडेच पाहत राहिले.

मलमपट्टी करणारी बाई म्हणाली, "अय्या, चुनाच की. आजोबा, पान खाता का काय?"

आप्पा म्हणाले, "पान बी न्हाई, सुपारी बी न्हाई. माळ हाय गळ्यात."

डॉक्टर म्हणाले, असं इथं पाहिलं नाही, नगरला न्या. चिठ्ठी दिली. घाईत खरडलेली, अक्षर लागत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नगर. स्टँडवर बसच्या पाटीला नवं नाव, कंडक्टर अजून नगर नगर ओरडतात. आम्ही बसने गेलो नाही. बबनतात्या गाडी घेऊन आले. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. स्वतःहून आले, "आप्पांना यष्टीनं न्यायचं व्हय?" म्हणाले. डिझेलचं नाव काढू दिलं नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढचंही लिहायचं आहे.

सांध्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, बाई आहेत, शांत बोलतात. पुन्हा सुई. पांढरं थोडं काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मलाही बघायला दिलं. काळोखात चकाकणाऱ्या सुया. टोकदार, एकावर एक पडलेल्या. हे आप्पांच्या हातात आहे.

युरिक ॲसिडचे खडे, म्हणाल्या. सांध्यात साठतात. बहुतेकांना पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतं. पहिली गाठच कोपरावर, असं कमी दिसतं.

मग विचारलं, "आजोबा, दारू घेता? मटण? हा आजार बऱ्याचदा ते घेणाऱ्यांना होतो."

आप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि माळ बाहेर काढून दाखवली.

तात्या तेव्हा दाराशी उभे होते. त्यांचा फोन वाजला, ते बाहेर गेले. डॉक्टर पुढे बरंच बोलल्या: रक्त, लघवी, किडनी तपासायची, रिपोर्ट आल्यावर कारण सांगते, मांसाहार न करणाऱ्यांनाही होतो. ते तात्यांनी ऐकलं नाही.

येताना गाडीत तात्यांनी अभंग लावले होते, मांडवगणच्या फाट्यावर तेही बंद केले.

२२ फेब्रुवारी, रविवार

डेअरीवर दूध घालायला गेले. माझ्याआधी चारजण. मी आल्यावर गप्प. दूध घालून निघाल्यावर पाठीमागून एक आवाज:

"चुना न्हाई रं, मटनाच्या नळीतला गर हाय त्यो. कोपरात साठलाय."

हसले. मोठ्याने नाही. मोठ्याने हसले असते तर वळून पाहता आलं असतं.

दिलीपला सांगितलं. म्हणाला, लोक बोलतात, सोड. मग, "ताई, पण आप्पा कधी बाहेर वगैरे...?" मी फोन ठेवला.

त्याचा राग आला. आणि वाक्य पूर्ण करायची इच्छा मलाही झाली होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नगरचा रक्ताचा रिपोर्ट अजून नाही. गोळ्या चालू. सूज थोडी कमी.

दिवसभर वर्गात मुलांना पाठ शिकवते आणि मनात मात्र आप्पा वाचते आहे. पुरावे शोधते. मी लहान असताना आप्पा काष्टीच्या बाजाराला जायचे. बैल नसतानाही जायचे. उशिरा यायचे. तोंडाला लवंगेचा वास. लवंग माणूस कशाला चघळतो? आई विचारायची नाही. आई काहीच विचारायची नाही.

साहित्य शिकल्याचा हा एक तोटा. सुटा तपशील सुटा राहू देववत नाही.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर लिंबं निवडत बसले होते, डाव्या हाताने. विचारलं.

"आप्पा, कधीच नाही ना?"

काय, ते मी बोलले नाही. त्यांना कळलं. पिकलेली एका बाजूला, हिरवी एका बाजूला करत राहिले. पाटी संपल्यावर म्हणाले, "पाणी दे."

दिलं. प्याले नाहीत. हात धुतले आणि उठले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकादशी. काल दुपारपासूनच पाणी सोडलं आहे. दशमीचं जेवणही नाही. दिवसभर देवळात, उन्हात, पारावर, सगळ्यांना दिसतील असे बसून.

हे माझ्यासाठी आहे की गावासाठी, कळत नाही. माझ्यासाठीच असावं.

दुपारी मी तांब्या घेऊन गेले. गेनबाकाका शेजारी होते. आप्पांच्याच वयाचे, त्यांच्याबरोबर एकाच दिवशी माळ घातलेले. म्हणाले, "नंदे, नको त्येच्या नादी लागू. बारकेपनापासनं असाच हाय. रुसला की जेवायचा न्हाई."

"ते रुसलेले नाहीत, काका."

"मग काय, उपास हाय व्हय?" असं म्हणून एकटेच हसले. आप्पा हसले नाहीत.

१ मार्च, रविवार

कोपर संत्र्याएवढं. कातडी ताणून चकचकीत, एका जागी आतलं पांढरं दिसतं. गुडघाही सुजला. उठता येत नाही. चादर अंगावर सहन होत नाही. पहिल्यांदा कण्हले. मी दुसऱ्या खोलीत आहे असं समजून.

२ मार्च, सोमवार

रजा. नगर. भाड्याची गाडी, तात्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी कोपर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पितात?"

मी सांगितलं. निर्जळी म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग समजावलं. रिपोर्ट आले होते. किडनी वयाप्रमाणे थकलेली. रक्तदाबाची गोळी लघवी जास्त करवणारी, तिने शरीरातलं पाणी जातं आणि हे ॲसिड आत अडतं. त्यात छत्तीस तास पाण्याशिवाय, महिन्यातून दोनदा, इतकी वर्षं. उपाशी राहिलं की ॲसिड वाढतं, पाणी नसलं की बाहेर पडत नाही. साठतं. दारू-मटणाचा यांच्याबाबतीत संबंध दिसत नाही.

मी म्हणाले, हे मराठीत लिहून द्याल का? गावात दाखवायचं आहे.

त्या हसल्या नाहीत, हे चांगलं. पुढचे पेशंट थांबवून लिहून दिलं. अर्धं पान. अक्षर स्वच्छ.

रक्तदाबाची गोळी बदलली. एक नवी गोळी, तिने जुलाब होतील. सूज गेल्यावर दुसरी सुरू, ती कायमची. छेद द्यायचा नाही. आणि पाणी. पुन्हा पुन्हा पाणी.

आप्पा बाहेर बाकावर होते. त्यांना यातलं काही ऐकू आलं नाही.

५ मार्च, गुरुवार

जुलाब. अशक्तपणा. पण कोपर उतरतंय. बोटं मिटतात. बारावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका घरी आल्या, दोन गठ्ठे. सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलंय, "या पाठातून लेखकाने माणुसकीचे दर्शन घडवले आहे." चाळीस वेळा दर्शन घेतलं. मान दुखते.

कागद पर्समध्ये आहे. अजून वाचून दाखवलेला नाही. ताकद येऊ दे.

७ मार्च, शनिवार

वाचून दाखवला. मला वाटलं होतं, हलकं वाटेल त्यांना.

"उपासाचं परत वाच."

परत वाचलं.

मग म्हणाले, "म्हंजे मटन न्हाई, दारू न्हाई. एकादशी."

"एकटी एकादशी नाही, आप्पा. गोळी आहे, किडनी आहे, वय आहे."

"पर एकादशी हाय त्यात."

"पाण्याशिवायची आहे."

हसले. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा. "बावन्न वरसं केल्या. जातील कुठं? साठल्या म्हनायच्या."

त्या हसण्याने मला धीर आला. मी म्हणाले, उद्या सकाळीच तात्यांना कागद दाखवते, देवळातही वाचते हवा तर.

हसू गेलं. "दाखवायचा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हनलं ना." भिंतीकडे तोंड करून पडले.

८ मार्च, रविवार

सकाळी आप्पा स्वतःच बोलले. चहा घेताना. जसं आठवतं तसं लिहिते.

"नंदा, गावात माझं बघून एकादशी धरनारी किती मानसं हायेत? पोरं हायेत, सुना हायेत. त्या डॉक्टरीन बाईचा कागद वाचला की उद्या टपरीवर काय निघंल? एकादशीनं आप्पाच्या हाताची माती झाली. मग कोन धरंल?"

"मग पाणी पिऊन धरतील. काय बिघडलं?"

"तसं न्हाई हुत. सुटलं की सुटतंच." कप ठेवला. "मटनवाला म्हनत्यात, म्हनू दे. ती शिवी मला हाय. ही शिवी देवाला व्हईल."

मी म्हणाले, हे खोटं आहे. तुम्ही केलं नाही ते लोक तुमच्या नावावर लावतात आणि तुम्ही लावू देता.

"म्या कुठं खोटं बोलतोय. म्या गप ऱ्हातो."

मग, मी न विचारता: "आन खाल्लेलंच न्हाई असं बी न्हाई. माळ घालायच्या आदी. चुलत्याच्या लग्नात, मांडव परतनीला मटनाचं जेवान हुतं. एकोणीस-वीस वर्साचा आसंल. चव अजून आठवती." थोडं थांबून, "लई चांगली हुती."

लवंगेचं विचारलं. लाज वाटत होती तरी विचारलं.

"लवंग? दाढ किडलीती. काढली ना मागं, तूच नेलंतं श्रीगोंद्याला."

मीच नेलं होतं. कॉलेजात लागले त्या वर्षी. विसरले होते. वीस वर्षं किडकी दाढ सोसत बाजार करणारा माणूस आणि मी त्याचं काय केलं होतं मनात.

दुपारी त्यांनी सौदा मांडला. त्यांच्या तोंडी सौदा हा शब्द नाही, माझा आहे.

"तू कागद कपाटात ठिव. कुनाला दाखवू नगं. मी पाणी पितो. एकादशीला बी."

"खरंच?"

"म्या कधी बोलून फिरलोय का?"

कबूल केलं. कागद कपाटात, साड्यांच्या खाली.

दिलीपचा फोन आला. काय म्हणाले डॉक्टर? म्हटलं, वयाने होतं. त्यालाही सांगितलं नाही. सौद्यात तो धरलेला नव्हता तरी.

१५ मार्च, रविवार

एकादशी. पाणी.

सकाळी आठला हाक मारली, "दार लाव." लावलं. "खिडकी." लावली. तांब्या हातात घेतला. भिंतीकडे तोंड केलं. एक घोट, थांबले, घशातून उतरताना दिसला. मग दुसरा. चेहरा औषध पिताना असतो तसा. दोन वेळा ठसका लागला.

असं दिवसातून पाच वेळा. दार, खिडकी, भिंत.

शेजारची काकू येऊन गेली. "मॅडम, दार का वं लावलंय भर दिसाचं?" म्हटलं, ऊन येतं.

आयुष्यात आप्पांनी चोरून काही केलं नव्हतं. आता करतात, आणि ते पाणी आहे. आणि पहाऱ्याला मी.

१८ मार्च, बुधवार

शेवटचा गठ्ठा परत दिला. कोपर पुन्हा लिंबावर आलं. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "पाणी पिताहेत." त्या म्हणाल्या, बघा, ऐकलं ना शेवटी. गाठ आता हळूहळू विरघळेल, वर्ष लागेल कदाचित. हात पूर्ण सरळ होईल की नाही सांगता येत नाही.

आप्पा ओट्यावर बसून हात लांब करून बघतात. थोडा वाकडाच राहतो. पुन्हा करतात.

२१ मार्च, शनिवार

संध्याकाळी तात्या आले, कमिटीतले दोघे बरोबर. चहा केला. आधी पाऊसपाणी, मग लिंबाचा भाव, मग हात कसा आहे. तात्यांनी कपाची बशी तीनदा फिरवली. त्यांना नको होतं हे बोलायला, ते दिसत होतं.

"आप्पा, राग धरू नका. माजं काय न्हाई. लोकांचं तोंड हाय."

"बोला की."

"यंदाचा पैला पहारा गेनबाला देतावं. तुमचा हात बी दुखतोय."

"हात बरा हाय."

"तसं न्हाई..." बरोबरच्या एकाने धागा उचलला. "तुमी वीण्यावर हात ठिऊन येकदा म्हना, की म्या जल्मात शिवलो न्हाई. मिटलं. पैला पहारा तुमचाच."

जल्मात. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या लग्नातली चव आम्हा दोघांनाच ठाऊक. दुसरा कुणी असता तर म्हणून मोकळा झाला असता.

"ईन्यावर हात ईना धरायला ठिवत्यात, तात्या. शपथंला न्हाई."

तात्या कळवळून माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी शिकलेल्या. डॉक्टरनी काय लिवून दिलं आसंल तर दाखवा की. मीच वाचतो माईकवर. मला काय हौस हाय का?"

कपाट माझ्या पाठीमागे चार पावलांवर. त्यांनी इतक्या तळमळीने विचारलं की वाटलं, उठावं. आप्पा चहाच्या कपात बघत होते.

"औषधं लिहून दिलीत," मी म्हणाले.

हे खरं आहे. अशी खरी वाक्यं मी विद्यार्थ्यांच्या उत्तरांत खोडत आले आहे.

ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "चांगलं बोललीस."

मला तसं वाटत नाही. ते कप धुताना एकाचा कान तुटला. आईच्या वेळचा सेट.

२७ मार्च, शुक्रवार

सप्ताह बसला. वीणेची पूजा. पहिला पहारा गेनबाकाकांचा. वीणा गळ्यात घेताना त्यांनी आप्पांना शोधलं, ते दिसलं मला. आप्पा शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, टाळ घेऊन. टाळ वाजवताना उजवं कोपर अंगाशी धरून.

लोकांनी त्यांना बसायला जागा दिली. लागते त्यापेक्षा जास्त.

मी बायकांच्या बाजूला. माझ्या शेजारी पण जागा होती.

घरी आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "गेनबाची तार उतरलीती. त्येला कळत न्हाई."

२९ मार्च, रविवार

एकादशी. सप्त्याचा तिसरा दिवस. ऊन इतकं की ओट्यावर पाय ठरत नाही.

सकाळपासून तीन वेळा पाणी. दार, खिडकी, भिंत. चौथ्या वेळेला, दीडच्या सुमारास, आप्पा अर्धा पेला प्याले होते तेव्हा बाहेर काठी वाजली.

"आप्पा! येऽ आप्पा!"

गेनबाकाका. मी दार उघडेपर्यंत त्यांनी ढकललं. कडी नीट बसली नव्हती. मी नीट लावली नव्हती. का, ते विचारायला नको.

घामाघूम, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. "चल, ऊठ. माझं पाय लटलट कापत्यात. तासभर धर."

"ईना कुठं हाय?" आप्पांचा पहिला प्रश्न.

"तात्याच्या गळ्यात टाकून आलोय, लघवीला जातो म्हनून. त्यो पार लाल झालाय, रडकुंडीला आलाय. कुनीबी घ्या म्हनतोय. मंडपात चार म्हाताऱ्या हायेत, बाकी समदी घोरत्यात. चल."

आप्पा उभे. पेला हातात. लपवला असता तर लपला असता, पाठीमागे खिडकीची फळी होती. लपवला नाही.

"गेनबा, म्या पाणी पेलोय."

"आज?"

"आज. मागच्या एकादशीला बी."

काकांनी पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आप्पांकडे, बराच वेळ. बावन्न वर्षं हे दोघे एकाच दिवशी उपाशी राहिले आहेत. मला वाटलं, आता हे वळतील आणि जातील, आणि गावात आणखी एक गोष्ट होईल, आणि ती मात्र खरी असेल. कागद कपाटातच होता. मी कपाटाकडे गेले नाही. तेवढं पाळलं.

काका म्हणाले, "मग मिशी पूस की. वलीय."

आप्पांनी उपरण्याने मिशी पुसली. उजव्या हाताने. पेला माझ्याकडे दिला.

दोघे गेले. काका पुढे, आप्पा मागे. वाटेत आप्पांनी एकदा हात लांब करून पाहिला. सरळ होत नाही. वीणेला सरळ हात लागत नाही.

आता पावणेतीन. परत आलेले नाहीत. मी गेले नाही बघायला. तात्यांनी वीणा दिली का, आप्पांनी ऐन वेळी घेतली का, की पाणी प्यालोय म्हणून त्यांनाही सांगून टाकलं आणि मग कशासाठी तेही सांगावं लागलं, काही कळत नाही. माणूस एकदा बोलायला लागला की...

पेला खिडकीत आहे, अर्धा. खिडकी उघडली आहे. इथून देवळाचा टाळ ऐकू येतो. वीणा ऐकू येत नाही.